आवर्तसारणी पाठ करून घेणाऱ्यांविरुद्ध

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला मामेबहिणीचा व्हॉट्सॲप आला. ती लातूरला राहून नीटची तयारी करते. फोटोत वहीचं एक पान होतं. वर लाल पेनानं लिहिलेलं 'अपवाद', खाली चौदा ओळी. सातव्या ओळीला गोल केलेला: 'गॅलिअम – त्रिज्या ॲल्युमिनिअमपेक्षा कमी.' आणि फोटोखाली तिचा प्रश्न: "दादा, गणात खाली गेलं की अणूची त्रिज्या वाढते हा नियम. त्याला इतके अपवाद. मग नियम पाठ कशाला करायचा?"

"सरांना विचारलंस का?" मी लिहिलं.

"विचारलं. म्हणाले, १८० मिनिटांत १८० प्रश्न आहेत. 'का' विचारायला वेळ नाही. लक्षात ठेव, पुढे चल."

मला त्या सरांचा राग आला नाही. मलाही असेच सर होते आणि त्यांच्यामुळेच मी इंजिनिअरिंगला पोचलो. दुसऱ्या गणासाठी 'बेटा मांगे कार स्कूटर बाप राजी' मी आजही झोपेतून उठून म्हणू शकतो. बेरिलिअम, मॅग्नेशिअम, कॅल्शिअम, स्ट्रॉन्शिअम, बेरिअम, रेडिअम. दहा वर्षं झाली, एक अक्षर विसरलेलो नाही. या दहा वर्षांत त्याचा एकदाही उपयोग झालेला नाही, हेही तितकंच खरं.

राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. त्या पानावरच्या चौदा ओळींत नेमकं गॅलिअम होतं, आणि गॅलिअम कोण हे तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

न पाहिलेल्या धातूची घनता

१८६९ साली दिमित्री मेंडेलीव्हनं आपली सारणी मांडली तेव्हा माहीत असलेली मूलद्रव्यं होती ६३. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला अजून २८ वर्षं होती. अणूच्या आत काय आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. हाताशी होती फक्त अणुवस्तुमानं आणि रासायनिक वागणुकीच्या नोंदी. त्यानं मूलद्रव्यं वस्तुमानाच्या क्रमानं लावली, सारख्या स्वभावाची एकाखाली एक आणली, आणि जिथं स्वभाव जुळेना तिथं मूलद्रव्य कोंबून बसवण्याऐवजी जागा रिकामी सोडली.

रिकामी जागा सोडणं ही त्यातली सोपी गोष्ट. अवघड गोष्ट त्यानं १८७१ मध्ये केली. त्या जागी कोण येणार, त्याचं वस्तुमान किती असेल, घनता किती, ऑक्साइड कसं असेल, क्लोराइड किती तापमानाला उकळेल, हे सगळं त्यानं छापून टाकलं. नावंही दिली, आणि त्यासाठी शब्द घेतला संस्कृतातला 'एक': एका-ॲल्युमिनिअम, एका-बोरॉन, एका-सिलिकॉन. म्हणजे ॲल्युमिनिअमच्या एक घर पुढचा, बोरॉनच्या एक घर पुढचा, वगैरे.

१८७५ मध्ये फ्रान्समध्ये लकोक द ब्वाबोद्राँला एक नवा धातू सापडला. त्यानं नाव ठेवलं गॅलिअम. घनता मोजली, ४.७ आली. मेंडेलीव्हनं कळवलं की हे माझं एका-ॲल्युमिनिअम आहे आणि त्याची घनता ५.९ च्या आसपास असायला हवी. नमुना शुद्ध करून पुन्हा मोजा. कल्पना करा. ज्यानं तो धातू डोळ्यांनी पाहिलेला नाही, तो ज्याच्या हातात धातू आहे त्याला सांगतोय की तुझं मोजमाप चुकलंय. ब्वाबोद्राँनं नमुना शुद्ध केला, पुन्हा मोजलं. ५.९ आलं.

तर हे गॅलिअम. साधारण ३० अंशांना वितळणारा धातू. लातूरच्या मे महिन्यात कपाटात ठेवल्या ठेवल्या पातळ होईल. माणसानं केवळ आकृतिबंध वाचून ओळखलेलं आणि मग खरोखर सापडलेलं पहिलं मूलद्रव्य. आणि आपल्या क्लासच्या वहीत त्याची ओळख काय? अपवाद क्रमांक सात.

अंगठा ठेवून बघा

तुम्ही हे फोनवर वाचत असाल तर दुसऱ्या टॅबमध्ये आवर्तसारणी उघडा आणि जर्मेनिअमच्या चौकटीवर अंगठा ठेवा. वर सिलिकॉन, खाली कथील. सिलिकॉनचं अणुवस्तुमान २८, कथलाचं सुमारे ११८. मध्ये किती असेल? सरासरी काढा, ७३. मेंडेलीव्हनं एका-सिलिकॉनसाठी सांगितलं होतं ७२. क्लेमेन्स विंकलरला जर्मनीत १८८६ मध्ये जर्मेनिअम सापडलं. त्याचं आज मान्य असलेलं वस्तुमान ७२.६ आहे.

आता घनता. सिलिकॉन २.३, कथील ७.३. सरासरी ४.८. मेंडेलीव्ह मात्र ५.५ म्हणाला आणि प्रत्यक्षात निघाली ५.३. म्हणजे त्यानं वर-खालची सरळ सरासरी काढून सोडून दिलं नाही. डावीउजवीकडचे शेजारीही बघितले, कोणाचं वजन जास्त धरायचं ते ठरवलं. सूत्र नव्हतं, तारतम्य होतं.

हा खेळ पाच मिनिटांचा आहे. लागतो एक अंगठा आणि चार आकडे. दहावीच्या कुठल्याही मुलाला जमेल. मला तो दहावीत कुणी खेळू दिला नाही, बारावीत नाही, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या केमिस्ट्रीत नाही. मी तो खेळलो सत्ताविसाव्या वर्षी, ऑफिसच्या बसमध्ये, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेलो असताना. माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती छोटी नाही.

आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात 'मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण' हा धडा आहे. मेंडेलीव्हनं सोडलेल्या रिकाम्या जागांचा उल्लेखही त्यात आहे. मग परीक्षेत काय येतं? 'मेंडेलीव्हच्या आवर्तसारणीचे गुण लिहा.' आणि आपण लिहितो: गुण क्रमांक एक, गुण क्रमांक दोन, न शोधलेल्या मूलद्रव्यांसाठी जागा सोडल्या. दोन मार्क. विज्ञानाच्या इतिहासातली एक सगळ्यात बेडर पैज, आणि आपण तिचं गाइडमधलं उत्तर करून टाकलं.

२०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून आवर्तसारणीचा धडा काढल्यावर गदारोळ झाला. मीही पोस्ट टाकली होती, लाइकही बरेच मिळाले. धडा काढणं चूकच होतं. जी मुलं अकरावीला विज्ञान घेणार नाहीत त्यांना तो पुन्हा कधीच भेटणार नाही. पण आज वाटतं, आपण उशिरा ओरडलो. ज्या धड्यात विद्यार्थ्याला एकदाही अंदाज बांधावा लागत नाही त्याचा जीव आपण आधीच काढून घेतला होता. एनसीईआरटीनं उरलेली पानं काढली.

अपवाद कुणाचा?

आता बहिणीच्या मूळ प्रश्नाकडे. गॅलिअम ॲल्युमिनिअमच्या खाली असून लहान का?

ॲल्युमिनिअमचा अणुअंक १३, गॅलिअमचा ३१. फरक १८. तेच सोडिअमवरून पोटॅशिअमवर उतरताना फरक फक्त ८ असतो. ॲल्युमिनिअमवरून गॅलिअमकडे येताना वाटेत स्कँडिअमपासून जस्तापर्यंत दहा मूलद्रव्यं लागतात, म्हणजे केंद्रकात दहा प्रोटॉन जास्तीचे आले. त्यांच्याबरोबर आलेले दहा इलेक्ट्रॉन आतल्या 'डी' उपकवचात बसले, आणि हे 'डी' इलेक्ट्रॉन बाहेरच्यांना केंद्रकाच्या ओढीपासून नीट झाकत नाहीत. परिणामी बाहेरचे इलेक्ट्रॉन आत ओढले गेले. त्रिज्या १४३ पिकोमीटरवरून वाढण्याऐवजी १३५ झाली.

वाचायला एक मिनिट लागलं असेल. पण या एका मिनिटात 'अपवाद' हा शब्द नाहीसा झाला. नियम मोडलेलाच नाही. आपणच नियम अर्धा शिकलो होतो. 'खाली गेलं की त्रिज्या वाढते' हा नियम नव्हे. तो 'कवच वाढलं की पसारा वाढतो, प्रोटॉन वाढले की ओढ वाढते' या रस्सीखेचीचा नेहमीचा निकाल आहे. कधीकधी दुसरा संघ जिंकतो. रस्सीखेच समजली तर त्या चौदापैकी बऱ्याच ओळी पाठ कराव्या लागत नाहीत, आपोआप येतात. म्हणजे वेळ वाचवण्यासाठी 'का' टाळतो म्हणणारे हिशेबातही चुकतात.

आणि लेबल पाठ केल्याची किंमत शाळकरी मुलांनाच मोजावी लागते असं नाही. हेलिअम, निऑन, आरगॉन, क्रिप्टॉन, झेनॉन यांना आपण निष्क्रिय वायू म्हणतो, राजवायू म्हणतो. अष्टक पूर्ण, त्यामुळे कुणाशी देणंघेणं नाही. लायनस पॉलिंगनं १९३३ मध्येच सांगितलं होतं की झेनॉनची संयुगं बनू शकतील. एक प्रयत्न झाला, फसला, आणि पुढची जवळजवळ तीस वर्षं बहुतेकांनी विषय सोडून दिला. 'निष्क्रिय' असं नावच होतं ना!

१९६२ मध्ये कॅनडात नील बार्टलेटच्या लक्षात आलं की प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड ऑक्सिजनच्या रेणूतूनही इलेक्ट्रॉन काढून घेतं. मग त्यानं साधी तुलना केली. झेनॉनमधून इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा ऑक्सिजनच्या रेणूइतकीच आहे. मग झेनॉन का नाही? दोन वायू एकत्र आणले, पिवळट-नारिंगी घन पदार्थ तयार झाला. 'निष्क्रिय'चा कारभार एका संध्याकाळी आटोपला.

यात गंमत अशी की सारणी हे आधीपासून सांगत होती. गणात खाली जाल तशी इलेक्ट्रॉनवरची पकड सैल होते, हा कल राजवायूंनाही लागू आहे. झेनॉनवर संशय घ्यायला सारणीनंच जागा दिली होती. लोकांनी कल वाचला नाही, कप्प्यावरची पाटी वाचली. मेंडेलीव्हची सारणी वापरणं आणि तिच्या पाट्या पाठ करणं या उलट्या दिशेच्या गोष्टी आहेत.

मेंडेलीव्हची आरतीही नको

आता कुणी म्हणेल, तुम्ही हवे ते किस्से निवडताय. बरोबर आहे. म्हणून नको ते किस्सेही सांगतो.

मेंडेलीव्हचे सगळे अंदाज बरोबर आले नाहीत. हायड्रोजनपेक्षा हलकी मूलद्रव्यं असतील, विश्वभर पसरलेला ईथरही एक मूलद्रव्यच असेल, असं त्यानं १९०४ च्या सुमारास लिहिलं. साफ चूक. राजवायूंचा अख्खा गण त्याच्या सारणीत नव्हता. १८६८ च्या ऑगस्टमधल्या सूर्यग्रहणात आंध्रातल्या गुंटूरहून ज्यूल्स जान्सेन सूर्याचा वर्णपट बघत होता. त्या वर्षीच्या निरीक्षणांतून पुढं आलेली पिवळी रेषा हेलिअमची होती. म्हणजे सारणीच्या आदल्याच वर्षी त्या गणातल्या एकानं तोंड दाखवलं होतं. तरी सारणीत त्याच्यासाठी रिकामी चौकट नव्हती. १८९४ मध्ये आरगॉन सापडलं तेव्हाही मेंडेलीव्हला ते नायट्रोजनचंच तीन अणूंचं रूप वाटत होतं.

टेल्युरिअम आणि आयोडीनचा किस्सा तर आणखी मजेदार. वस्तुमानानं टेल्युरिअम जड, तरी स्वभाव बघून मेंडेलीव्हनं त्याला आयोडीनच्या आधी बसवलं आणि म्हणाला, वस्तुमान चुकीचं मोजलंय. गॅलिअमच्या वेळचाच आत्मविश्वास. पण इथं मोजमाप बरोबर होतं. जागा बरोबर, कारण चूक. खरं कारण १९१३ मध्ये हेन्री मोसलीनं क्ष-किरणांतून दाखवलं: क्रम अणुअंकाचा आहे, वस्तुमानाचा नाही. दोन वर्षांनी मोसली गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला. वय २७. माझ्यापेक्षा एक वर्षानं लहान.

हे सगळं सांगितल्यानं माझा मुद्दा दुबळा होत नाही, उलट तोच माझा मुद्दा आहे. मेंडेलीव्ह चुकू शकला कारण त्यानं आकडे छापले होते. 'कदाचित', 'साधारणपणे' असं काहीतरी गुळमुळीत लिहिलं असतं तर तो कधीच चुकला नसता आणि आज त्याचं नाव कुणाला माहीतही नसतं.

आणि एक इशारा, कारण आमच्या क्षेत्रात सध्या पॅटर्न ओळखणाऱ्या यंत्रांचीच चलती आहे. १९२८ मध्ये थॉमस मिजलीला फ्रिजसाठी नवा वायू हवा होता. तेव्हाचे अमोनिया, सल्फर डायऑक्साइड वगैरे विषारी होते, काही पेट घेणारे. त्यानं आवर्तसारणी समोर घेतली. उजवीकडे जाल तशी ज्वलनशीलता कमी होते, हलक्या मूलद्रव्यांकडे जाल तसा विषारीपणा कमी होतो. दोन्ही कल जिथं मिळतात तिथं फ्लोरिन बसलेलं. अशा रीतीनं आपल्याला क्लोरोफ्लुओरोकार्बन मिळाले, म्हणजे सीएफसी. अंदाज तंतोतंत खरा ठरला: जळत नाही, विष नाही. १९३० मध्ये त्यानं तो वायू लोकांसमोर छातीत भरून घेतला आणि फुंकून मेणबत्ती विझवून दाखवली.

१९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी सांगितलं की हा वायू वर जाऊन ओझोन खातो. १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार करावा लागला. सारणी कुठं चुकली? कुठंच नाही. तिला दोन प्रश्न विचारले, तिनं दोन उत्तरं दिली. 'पन्नास वर्षं न मोडता हवेत राहिला तर काय होईल?' हा तिसरा प्रश्न कुणी विचारला नाही. पाठ केलेल्या माणसाला तिसरा प्रश्न सुचत नाही. पाठ केलेल्या यंत्रालाही नाही.

उणे एक

माझ्या पहिल्या नोकरीत, सहाव्या महिन्यात, सीनिअरनं विचारलं, "हा सर्व्हर एका सेकंदाला किती रिक्वेस्ट झेपवेल?" मी म्हटलं, टेस्ट केलेली नाही. तो म्हणाला, "माहितीये. टेस्ट उद्या करू. आज अंदाज सांग." मी गप्प. मेमरी किती, एका रिक्वेस्टला वेळ किती, सगळे आकडे स्क्रीनवर होते. मला भागाकार येत होता. आकडा तोंडातून निघत नव्हता.

तो का निघत नव्हता हे कळायला मला बरीच वर्षं लागली. सोळाव्या वर्षापासून मला एकच शिकवण मिळाली होती: बरोबर आलं तर चार, चुकलं तर उणे एक, खात्री नसेल तर सोडून दे. निगेटिव्ह मार्किंग मारून दिलेला तुक्का थांबवण्यासाठी आहे, हे मला मान्य आहे. पण तुक्का आणि अंदाज यांत फरक असतो. अंदाजामागे कारण असतं, तो आधी लिहून ठेवलेला असतो आणि नंतर तपासता येतो. आमच्या शिक्षणानं दोन्हींना एकाच काठीनं झोडपलं. मेंडेलीव्ह आमच्या क्लासमध्ये असता तर त्याला ईथरबद्दल उणे एक मिळाला असता, आणि पुढच्या वेळी त्यानं गॅलिअमची जागाही कोरी सोडली असती.

मला माहीत आहे की लातूरच्या त्या सरांसमोर शंभर-दीडशे मुलं बसतात आणि त्यांच्या आईबापांनी शेत गहाण ठेवून फी भरलेली असते. पाठांतर सोडा असं मी म्हणत नाही. पाढ्यांशिवाय गणित नाही, तसं मूलद्रव्यांच्या क्रमाशिवाय सारणी नाही. 'बेटा मांगे कार' खुशाल म्हणा. पण पाढे पाठ करून घेऊन कधी गुणाकारच करू दिला नाही, तर त्याला शिकवणं म्हणायचं का? माझी मागणी एका तासाची आहे. वर्षातून एक तास. सारणीतली चार घरं झाका, मुलांना आकडे लिहायला लावा, मग कागद उचला. ज्याचा चुकला त्याला विचारा, किती चुकला आणि कुठल्या बाजूला.

त्या रात्री मी बहिणीला तेच करायला लावलं. जर्मेनिअमवर अंगठा, वितळणबिंदू सांग. सिलिकॉन १४१४ अंश, कथील २३२. तिनं सरासरी काढली: ८२३. अंगठा उचलला: ९३८.

"चुकलं," ती म्हणाली.

"११५ नं चुकलं. का चुकलं असेल?"

बराच वेळ नुसतं 'टायपिंग' दिसत राहिलं. मग आलं, "सिलिकॉनसारखे बंध जास्त आणि कथलासारखे कमी?" हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. मग तिनंच विचारलं, सगळ्यात शेवटचं घर, ११८, ओगनेसन, त्याचं काय? मी सांगितलं की त्याचे आजवर हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच अणू बनलेत आणि तेही सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाच्या आत संपतात. राजवायूंच्या गणात असलं तरी गणितं सांगतात की ते वायू नसेलही, कदाचित घन असेल. कुणी बघितलेलं नाही.

सकाळी तिचा आणखी एक फोटो आला. तेच अपवादांचं पान. समासात पेन्सिलनं लिहिलेलं: 'ओगनेसन – घन. वितळणबिंदू अंदाजे ५०.' पुढे तारीख आणि सही.

हे पेपरात येणार नाही, हे तिलाही माहीत आहे.